माझ्या दिरांना मारणारा इंग्रज

चौथ्या प्रकरणात नदीत बुडून मेलेला माणूस एकोणिसाव्या प्रकरणात खिडकीशी बसून चहा पीत होता. मी दोनदा मागं जाऊन बघितलं. मेलाच होता. डॉक्टरनं नाडी बघितली होती, बायको रडली होती, कुत्र्यानं अन्न सोडलं होतं. आणि आता हा गडी कपात साखर ढवळत पावसापाण्याच्या गप्पा मारत होता.

मी तेव्हा नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या एका प्रकाशकासाठी इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांचं मराठी करायचे. लेखक एकच. इंग्लंडात समुद्रकाठच्या एका लहान गावात राहणारा म्हातारा. त्याची शंभरावर पुस्तकं झाली होती आणि एकाही पुस्तकात एका मुडद्यावर भागत नसे. आमच्या विभागप्रमुखांना माझा हा उद्योग पसंत नव्हता. "मॅडम, काहीतरी दर्जेदार करा," असं ते म्हणायचे आणि छापून आलं की एक प्रत घरच्यांसाठी म्हणून मागून न्यायचे.

मी प्रकाशकांना फोन करून मेलेल्या माणसाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "लोक इतकं बघत नाहीत हो. बसू द्या त्याला." मला पटेना. माझं माहेर देगलूरचं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. एकच गिऱ्हाईक भाव तेलुगूत विचारायचं, घासाघीस कन्नडात करायचं आणि भांडण मराठीत. एका भाषेतली शिवी दुसऱ्या भाषेत देताना ती हलकी पडली तर गिऱ्हाईक आपल्याला गबाळं समजतं, एवढं मी त्या गादीवर बसून शिकले होते. हा तर अख्खा माणूस होता.

पुस्तकाच्या मागं लेखकाचा ईमेल होता. मी लिहिलं. तासाभरात उत्तर आलं.

"बाई, हे पुस्तक बाजारात येऊन तीस वर्षं होत आली. त्याला एक बक्षीससुद्धा मिळालं. तो माणूस चहा पितोय हे मला आजच कळलं. त्याचं काय करायचं ते तुम्हीच करा."

मी तो चहा त्याच्या भावाला पाजला आणि पुढं गेले.

तिथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. मी शंका विचारायची, तो उत्तर द्यायचा, आणि उत्तरातली एकच ओळ शंकेबद्दल असायची. बाकी सगळं इकडचं तिकडचं. असं करत करत मला त्याचं आयुष्य कळत गेलं. त्याची आई बोर्डिंग चालवायची. उन्हाळ्यात समुद्रावर येणारी माणसं तिथं उतरायची आणि हा पोरगा भिंतीला कान लावून त्यांची भांडणं ऐकायचा. मोठा झाल्यावर घराघरांत जाऊन गॅसचे मीटर वाचायची नोकरी लागली. एकदा एका स्वयंपाकघरात नवरा-बायको इतके गप्प बसलेले दिसले की त्याला वाटलं, यातलं एक जण उद्या नसणार. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तो पुन्हा गेला, तर दोघंही होते आणि पाव खात होते. त्याची फार निराशा झाली. मग त्यानं घरी येऊन स्वतःच्या हातानं त्यातल्या नवऱ्याला मारलं. ती पहिली कादंबरी.

त्यानंतर तो थांबलाच नाही. रोज पहाटे उठून न्याहारीपर्यंत लिहायचा, न्याहारीनंतर मीटर. पुढं मीटर सुटले, न्याहारीपर्यंतचं लिहिणं राहिलं. एका नावानं इतकी पुस्तकं खपवणं बरं दिसेना म्हणून त्यानं आणखी तीन नावं घेतली, त्यातलं एक बाईचं. त्या बाईला वाचकांकडून लग्नाच्या मागण्या यायच्या आणि हा मिशाळ माणूस त्यांना नम्रपणे नकार कळवायचा. समीक्षकांनी त्याची कधी दखल घेतली नाही. एका कादंबरीत एक समीक्षक जिन्यावरून पडून मरतो. मी विचारलं होतं, "यातला हेतू नीट कळला नाही. अपघात की खून?" त्याचं उत्तर आलं, "विरंगुळा."

एका पुस्तकाला मी प्रस्तावना लिहिली. त्यात 'पहिल्याच पानावर लेखक किती कौशल्यानं खुनी सुचवून ठेवतो' असं चांगलं दोन पानं समजावलं होतं. त्याला इंग्रजीत करून पाठवलं. तो म्हणाला, वाचून फार बरं वाटलं, पण ती खुनी बाई पहिल्या पानावर हातमोजे घालून आली त्याचं कारण म्हणजे त्या दिवशी त्याच्या घरात थंडी होती.

माझं वय पन्नाशीकडं झुकलं होतं, त्यानं ऐंशी ओलांडली होती. अशात त्यानं कळवलं की, पुढची कादंबरी मी तुमच्याकडची लिहितो म्हणतो. आयुष्यभर इंग्लंडातली माणसं मारली, आता तिथं फारशी उरली नाहीत. येऊ का?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "येऊ दे की. खाऊनपिऊन असा किती त्रास देणार?"

संक्रांतीच्या आधी, थंडीत तो आला. हैदराबादला विमानानं उतरला आणि तिथून आम्ही गाडीनं त्याला नांदेडला आणलं. आमच्या कॉलनीत बातमी पसरली होती की, शंभर खून केलेला साहेब येणार. संध्याकाळी बघायला माणसं जमली. गाडीतून जे उतरलं ते बघून त्यांची तोंडं पडली. लोकरीची टोपी, वाकलेला गुडघा, हातात काठी आणि दुसऱ्या हातात चहाच्या पुड्यांचा डबा. शेजारच्या काकू मला हळूच म्हणाल्या, "हे तर आमच्या पोस्टातल्या रिटायर मास्तरवानी दिसायलेत."

दिसायलाच नाही, वागायलाही तसाच. इतका नीरस पाहुणा आमच्या घरानं बघितला नव्हता. आठ वाजता झोपायचा. पहाटे उठून डायनिंग टेबलावर लिहीत बसायचा. आमच्या चहाला तो चहा मानत नसे. पहिला घोट घेऊन म्हणाला, "छान आहे, पण ही खीर आहे." गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं तर भुईवर मांडी घालून पोटभर जेवला आणि उठायला मात्र दोन सरदारजी लागले. बाकी त्याला बघायचं असं काही नव्हतं. तो बसायचा आणि माणसं कशी भांडतात ते ऐकत राहायचा. भाषा कळत नसूनही ऐकायचा. मी विचारलं, काय कळतं? म्हणाला, "कोण हरणार ते कळतं."

नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, माझ्या नवऱ्याचं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. एका दुपारी म्हातारा तिथं जाऊन बसला. फळीवरच्या बाटल्यांवरची विषाची लाल-पिवळी चौकोनी चिन्हं बघून त्याचे डोळे चमकले. त्यानं खिशातला पेन काढला आणि खेळीमेळीत विचारलं, "यातलं सगळ्यात लवकर मारतं ते कोणतं?"

माझ्या नवऱ्याला इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं. तो एरवी थट्टेखोर माणूस. त्या वेळी त्याचा चेहरा उतरला. तो मला म्हणाला, "त्यांना सांग, हा प्रश्न इथं गमतीत इचारत न्हाईत. माझ्याकडून बाटली नेलेली माणसं परत आली न्हाईत, असं दोनदा झालंय. मी दोन्ही मातीला गेलतो."

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं पेनाला टोपण लावलं. मग त्यानं माझ्या नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझ्या निम्म्या पुस्तकांत विष आहे. या पुस्तकात नसेल." बस्स. त्या दिवशी दोघांनी दुकानात बसून शेंगा खाल्ल्या.

मग आम्ही त्याला गावी नेलं. माझ्या सासरचं गाव कंधारजवळ आहे. शेती थोरले दीर बघतात. ते एके काळचे सरपंच. मिशा अजून सरपंचाच्या. माणूस मनानं मोकळा, पण दोन निवडणुका हरल्यापासून आपल्याकडं कुणाचं लक्ष नाही असं त्यांना वाटायचं. हुरड्याचे दिवस होते. भाऊजींनी शेतात आगटी पेटवली, भावकी गोळा केली, आणि म्हाताऱ्याला बाजेवर बसवून हातावर गरम हुरडा, गूळ, जवसाची चटणी असं एकेक देत राहिले. मी मधे बसून इकडचं तिकडं करत होते.

भाऊजींनी विचारलं, "ह्यांचं पुस्तक आपल्या भागातलं हाय म्हणायलेत. मग खून कुणाचा होणार?"

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, अजून ठरलं नाही. कुणी चांगला माणूस मिळाला पाहिजे. गावानं ज्याच्यासाठी चुकचुकावं असा.

मी हे सांगायचा अवकाश, भाऊजी बाजेच्या कडेला सरकले. "मग मला मारा म्हणावं."

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. "आवं, खरंच सांगायलो. मारा म्हणावं. पण इज्जतीनं. पाठीत वार न्हाई. नाल्यात मुर्दा सापडला असलं बी न्हाई. किल्ल्यावर मारा. कंधारच्या किल्ल्यात, खंदकाजवळ. आन् मयतीला सगळा तालुका आला पायजे. आमदारसुद्धा."

मी शब्दन् शब्द सांगितला. म्हाताऱ्यानं पेन काढला. "विचारा त्यांना, कपडे कोणते असतील?"

"पांढरे. कडक इस्त्रीचे. आन् फेटा पडू देऊ नका म्हणावं."

हे ऐकून भावकीला चेव आला. चुलत दीर म्हणाले, मला बी मारा, मी काय पाप केलंय? एकानं साप चावून मरायची तयारी दाखवली. एकाला ट्रॅक्टरखाली जायचं होतं, पण ट्रॅक्टर नवा पाहिजे होता. माझ्या आयुष्यात मी इतक्या माणसांना मरणासाठी रांग लावलेली पाहिली नाही. भाऊजी चिडले. "गपा रे! एका पुस्तकात सगळी भावकी मेली तर खांदा कोण द्यायचं?"

माझ्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींच्या बायको, आगटीपाशी कणसं भाजून दोन्ही हातांनी चोळत होत्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. सकाळपासून त्या उठल्या नव्हत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मास्तरीणबाई, त्यांना इचार, खून मी केला तर चालंल का?"

पुन्हा हशा. मी म्हाताऱ्याला सांगितलं. तो अक्कांकडं वळला. आल्यापासून त्यानं कुणाकडं एवढं नीट बघितलं नव्हतं. "कशासाठी कराल?"

"आवं, काय एक कारण हाय का?" अक्का कणीस झटकत म्हणाल्या. "आमच्या लग्नाला तीस वरसं झाली. सरपंच असताना रोज पन्नास माणसं जेवून जायची. सगळ्यांना इचारायचे, जेवलाव का, पोट भरलं का. मला एक दिवस इचारलं न्हाई, तू जेवलीस का म्हणून."

त्या हे हसत हसतच बोलल्या, आणि बाकीचेही हसले. भाऊजी म्हणाले, "घरात असणाऱ्या माणसाला काय इचारायचं?" त्यावर आणखी हसले. मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा म्हातारा मात्र हसला नाही. त्यानं दोन ओळी लिहिल्या, कागद घडी करून खिशात ठेवला आणि अक्कांना म्हणाला, "थँक यू." अक्का मला म्हणाल्या, "हुरड्याबद्दल म्हणायलेत का?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी त्याला किल्ल्यावर नेलं. कुठं मरायचं ती जागा स्वतः दाखवली. उजेड कुठून येतो ते दाखवलं. पडल्यावर डोकं कोणत्या बाजूला राहील तेही पडून दाखवलं. मी फोटो काढले. तिथं सहलीला आलेली शाळेची पोरं भाऊजींना घाबरून पळाली.

आठवड्यानं तो इंग्लंडला परत गेला. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत अख्खी कादंबरी माझ्या ईमेलमध्ये येऊन पडली. मी एका बैठकीत वाचली. भाऊजी मेले होते. किल्ल्यात, खंदकाजवळ, पांढऱ्या कपड्यांत. फेटा पडला नव्हता. तालुका आला होता. आणि मारलं होतं अक्कांनी.

तपासाला आलेले पोलीस त्या घरी रोज जेवतात. ती त्यांना भाकरी वाढते, जेवलात का विचारते, आणि कुणालाच तिचा संशय येत नाही. पुस्तकाच्या शेवटी इन्स्पेक्टर हात धुताना सहज विचारतो, "बाई, तुम्ही जेवलात का?" ती त्याच्याकडं बघत राहते आणि मग सगळं सांगून टाकते. मी ते वाचलं आणि उठून उगीचच गॅलरीत जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत मी त्याच्या कित्येक मुडद्यांचं मराठी केलं होतं, एकाही ठिकाणी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी छापील इंग्रजी पुस्तक घरी आलं. मुखपृष्ठावर उंट होता.

मला वाटलं पाकीट चुकलं. पण नाव त्याचंच होतं. उघडून बघते तर कंधार गायब. गाव राजस्थानात. भाऊजींचा महाराजा झाला होता, अक्कांची महाराणी. हुरड्याच्या जागी कसलीतरी मेजवानी, ज्यात नाचणाऱ्या बायका. पोलिसांना भाकरी वाढायच्या ऐवजी महाराणी चांदीच्या ताटात काहीतरी वाढत होती. आणि पानापानावर उंट.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला फोन केला. नमस्कार-चमत्कार न करता म्हटलं, "हे उंट कुणाचे?"

"माझ्या संपादिकेचे," तो म्हणाला. आवाज थकलेला होता. "तिला तुमचा भाग नकाशावर सापडेना. राजस्थान सापडलं. ती म्हणाली, वाचकाला भारत म्हटलं की राजवाडा लागतो. मी दोन महिने भांडलो. कोण हरणार ते मला आधीच कळलं होतं."

"तुम्ही राजस्थान बघितलंय का?"

"नाही. तिनंही नाही." मग म्हणाला, "माझं मूळ पुस्तक तुमच्याकडं आहे ना? मराठी त्याचं करा. खरं पुस्तक निदान एका भाषेत तरी असू दे."

त्यानं तसं प्रकाशकांना रीतसर कळवलं. पुण्याचे प्रकाशक मात्र हबकले. "बाई, तुमचे दीर कंधारचे, माजी सरपंच. पुस्तकातला माणूस कंधारचा, माजी सरपंच. उद्या माणसं घेऊन आमच्या हापिसात आले म्हणजे? आधी त्यांना विचारा."

विचारायला मी आणि नवरा गावी गेलो. ओसरीत भाऊजी खुर्चीवर, अक्का खाली मिरच्यांची देठं काढत. मी सगळं सांगितलं. महाराजा सांगितला, उंट सांगितले. मग म्हटलं, मूळ पुस्तकात काय आहे ते वाचून दाखवते. मी मराठी कच्चं करून नेलं होतं. किल्ल्यापासून वाचायला सुरुवात केली. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. मयतीचा भाग तर त्यांनी दोनदा वाचायला लावला. आमदार आले तिथं मान डोलावली.

मग मी शेवट वाचला. इन्स्पेक्टर हात धुतो तिथपर्यंत. अक्कांच्या हातातली मिरची हातातच राहिली होती.

भाऊजींनी डोळे उघडले. "हिनं मारलं?"

"हाव," मी म्हटलं.

"मला?"

"पुस्तकात."

त्यांनी अक्कांकडं बघितलं. अक्का देठ मोडत म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघायलाव? मी काय लिव्हलंय?" पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मला वाटतं अभिमान होता.

भाऊजी उठून अंगणात गेले. तिथं इकडून तिकडं फिरत राहिले. माझा नवरा मला डोळ्यांनी विचारत होता, गाडी काढू का? मग ते परत आले आणि खुर्चीवर बसले.

"म्हणजे असं हाय," ते म्हणाले. "एकीकडं मी राजा. राजस्थानात. कुणी ओळखणार न्हाई. दुसरीकडं मी मीच. पण सगळ्या तालुक्याला कळणार की बायकोच्या हातनं मेला. आन् का मेला ते बी कळणार."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणालात तर आपण छापणार नाही."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "राजा मेला काय, जगला काय, आपल्याला काय करायचंय? मी उंटाच्या मुलखात कशाला मरू? मरायचं तर आपल्या गावात मरायचं. छापा." मग अक्कांकडं न बघता, जरा घसा साफ करून म्हणाले, "तू जेवलीस का?"

अक्कांनी मिरच्यांनी भरलेलं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडायल्यात. हसायल्या होत्या. "सकाळचे दहा वाजलेत, आवं. आत्ता कुठलं जेवण?"

मराठी पुस्तक आलं. प्रकाशन नांदेडला झालं, कंधारहून दोन जीपा भरून माणसं आली. भाऊजींनी पांढरे कपडे, कडक इस्त्री, फेटा अशा वेषात स्टेजवर बसून स्वतःचा खून मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या विभागप्रमुखांनी भाषणात 'ग्रामीण वास्तवाचं दर्जेदार दर्शन' असं म्हटलं. मला म्हाताऱ्याला फोन करून सांगायचं होतं, की बघा, शेवटी एका समीक्षकानं दखल घेतली. पुस्तक गावात हातोहात फिरलं. बाया अक्कांकडं येऊन बसू लागल्या. कुणी म्हणायचं, बरं केलंव. कुणी म्हणायचं, माझ्या बी नवऱ्याचं लिवायला लावा. भाऊजींना लोक चावडीवर विचारायचे, मेल्यावर कसं वाटलं? ते म्हणायचे, मोकळं वाटलं. मात्र तेव्हापासून ते अक्कांना दिवसातून चार वेळा जेवलीस का विचारू लागले. महिनाभरानं अक्कांचा मला फोन आला. "मास्तरीणबाई, त्या साहेबांना सांग, आता खरंच खून करावा वाटायलाय."

हे सगळं मी म्हाताऱ्याला कळवत होते. त्याला फार मजा वाटायची. इंग्रजी पुस्तक बरं चाललं होतं, पण उंटांमुळं. त्याला ते लागलं होतं. तो तसं बोलायचा नाही, फक्त मराठी आवृत्तीच्या प्रती मागवून घ्यायचा. वाचता येत नसूनही त्यानं त्या आपल्या गावातल्या वाचनालयात ठेवायला दिल्या होत्या. तिथं कोण वाचणार होतं, देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या मुलीचा ईमेल आला. सकाळी न्याहारीला हाक मारायला गेली तर टेबलाशीच गेलेला. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या सगळ्या पुस्तकांत डॉक्टर असंच म्हणतात. ते वाचताना मी सवयीनं पुढचं वाक्य शोधलं, जिथं कुणीतरी म्हणतं की, थांबा, हे नैसर्गिक मरण नाही. तसलं काही नव्हतं. माणूस म्हातारा होऊन मेला होता.

मी स्पीकर लावून गावी फोन केला. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शोकसभा घ्यावी लागंल."

"कुणाची?" माझा नवरा म्हणाला. "गावात कोण ओळखतंय?"

"मी वळखतो," भाऊजी म्हणाले. "त्यांनी मला मारलंय."

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात शोकसभा झाली. हुरड्याच्या दिवशी बाजेवर बसवून काढलेला फोटो मोठा करून आणला होता. लोकरीची टोपी, हातावर हुरडा, आणि चेहरा असा की याला गुळाचं काय करायचं ते कळेना. त्याला हार घातला. माणसं बऱ्यापैकी आली. काही पुस्तक वाचलेली, बरीच न वाचलेली, आणि सात-आठ जणांना वाटत होतं की साखर कारखान्याचा कुणी जुना अधिकारी गेलाय. माझ्या नवऱ्यानं बोलावं असं कुणी सुचवलं नव्हतं. तोच उठला आणि एवढंच म्हणाला की, ह्या माणसाला एक गोष्ट सांगितली की ती कळायची. मग खाली बसला.

भाऊजींचं भाषण लांबलं. "आयुष्यभर माणसं मारली," ते म्हणाले, "पण ह्यांच्या दारात कधी पोलीस गेला न्हाई. आपल्याकडं एक बांध कोरला तरी चार चकरा होतात." लोक हसले. शोकसभा असल्याचं लक्षात येऊन गप्प झाले. मग पुन्हा हसले.

त्याच्या मुलीनं दोन ओळी पाठवल्या होत्या, त्या मी मराठीत वाचून दाखवल्या. वडील त्या हुरड्याच्या शेताबद्दल अनेकदा बोलत, आणि तिथल्या बाईंचा हात भाजला होता का ते कुणी विचारलं नाही, याची त्यांना रुखरुख होती, असं तिनं लिहिलं होतं.

अक्का बायकांत मागं बसल्या होत्या. त्यांनी आपला उजवा तळहात उलटा-सुलटा करून बघितला. मग शेजारणीला म्हणाल्या, "भाजलाच होता. पण त्यांना कसं कळलं?"

सभा संपली. चहा आला. भाऊजींनी सगळ्यांना फिरून विचारलं, मिळाला का, मिळाला का. अक्कांनी फोटोतला हार नीट केला आणि फोटो पदराखाली झाकून घरी नेला. पाऊस यायला लागला होता.